आंदणाची कालवड

गुरांची मला किळस येते. सगळा जन्म गोठ्यात गेलेल्या बाईनं असं म्हणलं की ऐकणारे हसतात. हसोत बापडे. शेणात हात घालून घालून किळस मरते असं जो सांगतो, त्यानं एकतर कधी शेण भरलेलं नसतं, नाहीतर देवानं त्याला नाक दिलेलं नसतं. माझी काही मेली नाही. आता गावात कोणाची कालवड गाभण आहे का हे बघायला मलाच बोलावतात. मी जाते, बघते, जे असेल ते तोंडावर सांगते आणि घरी येऊन राखेनं हात घासते. पण जी किळस सांगायला बसले आहे ती शेणामुताची नाही.

मी जालन्याची. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बाबा कापसाच्या एका जिनात कारकून होते. उर्दूत लिहायचे, डोक्यावर रुमी टोपी, पायात पांढरा पायजमा, आणि जोड्याला चिखल लागला तर उंबऱ्याबाहेर उभे राहून आईला पाणी मागायचे. शेती आमच्या आजोबांच्या वेळीच सुटली होती. दूध गवळ्याच्या चरवीतून यायचं. गाय मी पाहिली होती ती रस्त्यात, लांबून, आणि वाट सोडून.

लग्न ठरलं भोकरदनच्या बाजूला, एका खेड्यात. जमीन भरपूर, कापूस रग्गड, सासरे आधीच वारलेले. घरात सासू आणि तिचा एकुलता एक मुलगा. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. बोलणी चालली तेव्हा आत्याबाईंनी आंदण म्हणून एकच वस्तू मागितली, गाभण कालवड. सोनं नको, भांडी नकोत. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, किती साधी माणसं आहेत.

त्या भागात आंदणाच्या जनावराचा एक रिवाज आहे. ते सुनेच्या माहेरचं, म्हणून त्याचं सगळं सुनेनंच करायचं. आणि ते पहिल्यांदा व्यालं की जो चीक निघतो, ते पहिलं घट्ट पिवळं दूध, त्याचा खरवस करून सुनेनं स्वतः माहेरी न्यायचा. तो खरवस माहेरच्यांनी खाल्ला म्हणजे देणंघेणं गोड झालं असं समजतात.

बाबा जन्मात पहिल्यांदा गुरांच्या बाजारात गेले. तिथल्या एका हेड्यानं, म्हणजे गुरांच्या दलालानं, त्यांची टोपी आणि पायजमा बघूनच ओळखलं असणार. एक तांबडी कालवड पुढं केली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. "बिलकुल गाभण है साब, बेफिकर ले जाओ." बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बराबर समजल्यासारखी मान हलवली आणि घेऊन आले. मांडवात चारचौघांसमोर छाती काढून म्हणाले, गाभण कालवड देतोय, माझा शब्द आहे. आता विचार केला तर त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यापासून खरं बोलला तो एक हेडीच.

सासरी पोचल्यावर आत्याबाईंनी कालवडीचं दावं माझ्या हातात दिलं. "तुझी हाये. तूच बघ." कालवडीनं तिथल्या तिथं माझ्या नव्या लुगड्यावर नाक शिंकरलं. तिची जीभ खरखरीत आणि ओली, माझा हात कोपरापर्यंत चाटायची, आणि ती लाळ वाळली की कातडी ताणल्यासारखी व्हायची. शेपटीच्या गोंड्याला शेणाच्या गाठी. पाणी पाजायला वाकले की तीच शेपूट तोंडावर. तिच्या कानामागं गोचिडी फुगून बसायच्या. आत्याबाई त्या ओढून काढायच्या, अंगठ्याच्या नखाखाली फोडायच्या, नख लुगड्याला पुसायच्या आणि त्याच हातानं भाकरी मोडून मला वाढायच्या. मी सुरुवातीला दोन दोन दिवस नुसत्या ताकावर काढले. हे माझ्या नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "व्हईल सवय." त्याच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यात लांब सांत्वन.

आखाडात नवी सून माहेरी जाते. मला न्यायला कोणी आलं नाही, कारण आई अंथरुणाला खिळली होती आणि बाबांना तिच्याजवळून हलता येत नव्हतं. निरोप आला तो सरकी घेऊन आलेल्या गाडीवानाबरोबर. आईचा खोकला वाढला आहे, थुंकीत रक्त दिसतं, पोरीला बघायचं म्हणते. मी आत्याबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, मला पाठवा.

त्या जात्याशी बसल्या होत्या. दळण थांबवलं नाही. "जाशील की. तुझ्या बापानं गाभण म्हनून दिली ना? तिनं कास धरू दे, गाभण हाये असं दिसू दे, दिवाळीला मीच गाडी जुपून देते. रिकामी निघाली तर मंग खोट्याच्या दारात माझी सून मी पाठवणार न्हाई. लोक काय म्हनतील?"

म्हणजे आता माझी आई माझ्या नजरेला पडणार की नाही, ते एका कालवडीच्या पोटात होतं. आणि ते पोट बघायचं कसं, याची मला काडीची अक्कल नव्हती.

त्या दिवसापासून माझं सगळं ध्यान त्या जनावराच्या शेपटीखाली. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, ज्वारीचे दाणे तिच्या मुतात भिजव, गाभण असली तर मोड येत नाहीत. मी सकाळी सकाळी नारळाची करवंटी घेऊन कालवडीच्या मागं उभी. ती मुतायची तेव्हा करवंटीत कमी आणि माझ्या मनगटावर जास्ती. दाणे भिजवले, फडक्यात बांधले, वळचणीला टांगले. सोडून बघितले तर अर्ध्यांना मोड आलेले आणि अर्धे कुजून बुळबुळीत झालेले. तो वास मला अजून कधी कधी पावसाळ्यात, काही कारण नसताना येतो. म्हातारीला दाखवलं तर म्हणाली, मंग काय की बाई, देवालाच ठाऊक.

मग मी पोटाला हात लावायला लागले. कालवड कडबा खाऊन बसली की तिच्या डाव्या कुशीवर तळवा ठेवून मी डोळे मिटायची. आणि एक दिवस खरंच आत काहीतरी हललं. लाट येऊन हाताला धडकावी तसं, एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा. माझा ऊर भरून आला. शेणाचे हात तसेच घेऊन मी ओसरीवर धावत गेले. तिथं आत्याबाई आणि शेजारची म्हातारी वाती वळत होत्या. "आत्याबाई, हललं. वासरू हललं."

"कंच्या अंगाला?" आत्याबाईंनी विचारलं.

मी डावा हात वर केला. दोघी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. हसता हसता म्हातारीला ठसका लागला. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, तो कडबा नाचून राह्यला. डावीकडं चारा असतो, वासरू उजवीकडं." पुढं किती तरी दिवस पाणवठ्यावर बाया मला विचारायच्या, काय ग, कडबा व्याला का तुझ्या कालवडीचा. मी मान खाली घालून घागर भरायची. हसणाऱ्या तोंडांची सुद्धा किळस येते, हे मला तिथं कळलं.

पण उजवी बाजू तर कळली. मी रोज सकाळी, गार पाणी पाजल्याबरोबर, तिच्या उजव्या कुशीला मूठ दाबून उभी राहायची. कधी काही लागल्यासारखं वाटायचं, कधी नाही. माझं माझ्याच हातावरचं मन उडालं होतं. म्हणून मी आत्याबाईंना म्हणाले, तुम्हीच बघा एकदा. त्यांनी पदर खोचला, मूठ वळली आणि त्या कुशीत अशी घुसवली की कालवड वाकली. मूठ आत धरून ठेवली, मग हळूच सैल केली, पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा मला समोर दिसत होता. त्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

"रिकामी हाये," म्हणाल्या, आणि हात न धुता चुलीपुढं जाऊन बसल्या.

नवरात्राच्या आसपास एक दिवस कालवडीच्या शेपटीखालून काहीतरी लोंबताना दिसलं. घट्ट, पांढरट, डिंकासारखं, शेपटीला चिकटून राहिलेलं. मला ओकारी आली. तरी पदराचं टोक तोंडात कोंबून मी ते दोन बोटांनी ओढलं, कारण मला सांगता यायला हवं होतं की ते कसं आहे. चिवट होतं. तुटत नव्हतं. आत्याबाईंनी लांबूनच बघितलं. "माजावर आली की. सोट टाकती. गाभण असती तर कशाला टाकती?" आज कोणी मला असा चिवट सोट दाखवला तर मी डोळे झाकून सांगीन. माजाचा सोट पातळ असतो, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पाण्यासारखा, धार लागते त्याची. पण तेव्हा मला सगळी घाण सारखीच दिसत होती.

आणि मग सड. तिचे सड थोडे फुगल्यासारखे वाटले म्हणून मी एक सड धरून दाबला. ती लाथ झाडेल म्हणून जीव मुठीत होता, पण तिनं नुसती कातडी थरथरवली. बोटांवर एक पिवळा, चिकट थेंब आला. मधासारखा. अंगठा आणि बोट चिकटवून सोडले तर मधे तार यायची. वास कसलाच नाही, तरी मला ते बघवेना. मी बोटं तशीच फाकवून आत्याबाईंकडं गेले.

त्यांनी माझा हात धरला. माझ्या बोटांवरचं ते चिकट त्यांनी आपल्या बोटांवर घेतलं, चोळलं, उजेडात धरलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पू हाये. उष्णता झाली तिला. आणि ऐक, परत सडाला बिलकुल हात लावायचा न्हाई. सड जाईल."

पू. मी गोठ्यामागं जाऊन ओकले. बोटं मातीनं घासली, लिंबाच्या पाल्यानं घासली, तरी रात्री जेवताना मला माझ्या बोटांवर तो पू दिसत राहिला. त्या दिवसानंतर आत्याबाईंनी कालवड माझ्याकडून काढून घेतली. तुला जमत नाही, आजारी जनावर आहे, मीच बघते, म्हणाल्या. तिच्यापुढं मूठभर सरकी आणि पेंड पडायला लागली. मला वाटलं औषध असेल.

दिवाळीला बाबा आले. भाड्याची बैलगाडी करून, मला न्यायला. आईनं माझ्यासाठी खणाचा तुकडा पाठवला होता. मी पाणी घेऊन पुढं गेले तर म्हणाले, आई बरी आहे, आणि टोपी काढून उगीचच झटकली. बाबांना खोटं बोलता यायचं नाही. टोपी झटकली की समजायचं.

आत्याबाईंनी त्यांना चहा दिला, फराळाचं पुढं ठेवलं आणि मग म्हणाल्या, "इवाई, तुमच्या शब्दाचं काय झालं ते बघून घ्या." सणाची म्हणून आलेली आळीतली माणसं गोठ्याच्या दाराशी जमली. माझा नवरा कालवडीचं तोंड धरून उभा राहिला, तंबाखू चघळत. बाबांनी पायजमा वर धरला, शेण चुकवत चुकवत आत गेले. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. सगळे बघताहेत म्हणून काहीतरी करायला पाहिजे, म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि तिच्या डाव्या कुशीवर ठेवला.

मी दारातून बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, तिकडं नाही. 

"तिकडं चारा असतो, इवाई," आत्याबाई म्हणाल्या. लोक हसले. कोणी तरी माझी कडब्याची गोष्ट सांगितली, मग आणखी हसले. बापासारखीच लेक, म्हणाले. बाबा हात तसाच ठेवून उभे राहिले. मग हात काढला आणि दोन्ही हात जोडले. "हेड्यानं फसवलं मला, विहीणबाई. माझा शब्द खोटा ठरला. माझ्या शब्दाची शिक्षा पोरीला देऊ नका. तिची आई फार..." 

"फुडल्या साली न्या," आत्याबाई म्हणाल्या. "कालवड फळू द्या बराबर. आमी काय पळून चाललो?"

बाबा गाडीत बसले तेव्हा त्यांच्या पायजम्याला घोट्यापर्यंत शेण लागलेलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. गाडी रिकामीच गेली.

दुसऱ्याच दिवशी वेचणी सुरू झाली. त्या साली कापूस असा फुटला होता की रानात उभं राहिलं तर डोळे दिपायचे, आणि मजूर मिळत नव्हते. मी अंधारात रानात जायची, दिवस मावळला की परत. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची. माझा हात वेचणीला चांगला चालतो असं आत्याबाई सगळ्यांना सांगायच्या. माझं त्यांनी केलेलं कौतुक एवढंच.

मार्गशीर्षात जिनातला एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढली आणि मी ओटीतला कापूस खाली टाकला. दहाव्याला मला नेलं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी परत आणलं. शेजारच्या बायांनी सांगितलं, आई शेवटी शेवटी दाराकडं तोंड करून निजायची, आणि गल्लीत गाडी वाजली की विचारायची, आली का. बाबा एकाच जागी बसून होते. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, माझ्याच शब्दानं घात केला, बाजारातलं मला काही कळत नव्हतं, मी कशाला बोललो. कोणी समजूत घातली की मान हलवायचे आणि पुन्हा तेच.

परत आल्यावर मी गोठ्याकडं बघितलं सुद्धा नाही. त्या कालवडीचा मला इतका तिटकारा आला होता की ती हंबरली तरी मी कानावर पदर घ्यायची. तिनं मला फसवलं, माझ्या बापाला फसवलं, असंच मला वाटत होतं. आता हसू येतं. मुकं जनावर ते, ते कुणाला काय फसवणार.

पौषात, वेचणी संपत आली तेव्हा, एका दुपारी मी रानातून घरी आले तर आत्याबाईंचा आवाज गोठ्यातून येत होता. आत गेले. कालवड उभीच होती, पाय फाकून, आणि तिच्या मागून दोन पांढरे खूर बाहेर आलेले, फुग्यासारख्या ओल्या पिशवीत. आत्याबाई ते खूर धरून ओढत होत्या. मग सगळंच एकदम आलं, पाणी, बुळबुळीत, रक्त, आणि त्यात गुंडाळलेलं एक वासरू धपकन कडब्यावर पडलं. आत्याबाईंनी त्याच्या नाकातोंडात बोटं घालून घाण काढली. कालवड वळली आणि ते सगळं चाटायला लागली, चपाचपा, डोळे अर्धे मिटून. मला ओकारी आली नाही. मी नुसती उभी होते. आंदणाच्या कालवडीला वासरू झालं होतं. वासरू पोटात नऊ महिने असतं आणि माझ्या लग्नाला आठच झाले होते, एवढं गणित जालन्याच्या पोरीला सुद्धा येतं.

शेजारची म्हातारी चीक मागायला वाटी घेऊन आली. म्हणाली, बया, रिकामी म्हनत होतीस ना तू हिला. आत्याबाई वासराला पुसत होत्या. मी खांबाशी उभी आहे हे त्यांना दिसत होतं. आवाज खाली करायची त्यांना गरज वाटली नाही.

"रिकामी कशाची. नवरात्रात हिनंच चीक दाखवला की मला बोटावर. म्या म्हनलं, परत दाबशील तर सड उघडा पडून नासंल. पर तवा सांगितलं असतं तर ही गेल्ती जालन्याला. मंग कापूस कुणी वेचला असता, तुझ्या बापानं?"

म्हातारी हसली. वाटी पुढं केली. आत्याबाईंनी तिला चीक दिला, पिवळा, चिकट, मधासारखी तार येणारा. मी माझ्या बोटांकडं बघितलं. ज्याला पू म्हणून मी माती घासली होती, तो हाच.

माझा नवरा गोठ्याच्या दारात बसून दावं वळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"कास दिसत न्हवती का," तो म्हणाला. "आंधळा बी सांगंल."

"मग बाबा आले तेव्हा बोलला का नाहीत? तुम्ही तिचं तोंड धरून उभे होता."

त्यानं तंबाखू थुंकली. "मायच्या बोलन्यात मी कशाला पडू." आणि पुन्हा दावं वळायला लागला. त्या माणसाबरोबर मी पुढं सगळा संसार केला, मुलंबाळं झाली, त्याच्या आजारपणात त्याचं सगळं काढलं. पण त्याचे तंबाखूचे ओठ हलताना दिसले की मला गोठ्यातलं ते दार दिसायचं, आणि माझं जेवण तिथंच थांबायचं. गावात एकूण एक शेतकरी. दिवाळीला त्या दाराशी उभं राहून हसलेल्यांपैकी किती जणांना ती कास दिसली असेल? सगळ्यांनाच. माझ्या आणि बाबांच्याशिवाय सगळ्यांनाच.

संक्रांतीला आत्याबाईंनी गाडी जुपून दिली. खरवस स्वतः केला, वेलदोडे घालून, आणि पितळी डब्यात भरून माझ्या मांडीवर ठेवला. "रिवाज हाये," म्हणाल्या. "जा, बापाला खाऊ घाल. त्याचा शब्द खरा झाला म्हनावं." दिवसभराची वाट. गाडी हिंदकळली की झाकणाच्या फटीतून तो वास यायचा, दुधाचा आणि ओल्या वासराचा. दोनदा माझ्या मनात आलं, नदीत फेकून द्यावा. पण बाबांनी एवढंही गोड तोंडात घालू नये का, असं वाटलं, आणि डबा मांडीवर राहिला.

बाबा एकटेच होते. चुलीपुढं बसून भाकरी करायचा प्रयत्न चालला होता, बोटं पिठानं भरलेली. मी त्यांना उठवलं, हात धुवायला लावले, वाटीत खरवस काढून पुढं ठेवला.

"कशाचा?"

"आपल्या कालवडीचा."

ते वाटीकडं बघत राहिले. "व्याली?"

"हो."

"म्हणजे गाभण होती." त्यांचा चेहरा आईच्या दुखण्यापासून मी असा पाहिला नव्हता. उजळला एकदम. "होती ना? मी म्हणलो नव्हतो? हेडी खरं बोलला होता. माझा शब्द खोटा नव्हता ग." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, लगेच दुसरा टाकला. लहान पोरासारखे खात होते, ओठाच्या कडेला लागलं ते जिभेनं ओढत. मी नाकाला पदर लावून बसले होते.

मग त्यांचं तोंड चालायचं थांबलं. हातातला तुकडा हातातच राहिला. कारकून माणूस, जन्मभर बेरीज केलेला. बाबा दाराकडं बघत होते, जिकडं तोंड करून आई निजायची तिकडं.

"दिवाळीत..." ते म्हणाले. "दिवाळीत त्यांना कळलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणाले. "व्याली तेव्हाच कळलं. काही काही कालवडी दाखवत नाहीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. "हां. नसतील दाखवत." तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, बोटानं वाटी पुसून घेतली आणि विचारलं, "आणखी आहे?"

मी डब्यातला होता नव्हता तेवढा त्यांच्या वाटीत घातला आणि हात धुवायला उठले.